टाकीमागची फेरी

दुपारी बाजार पेंगायला लागला की चष्मेवाला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेई आणि काउंटरमागे बसून डबा खाई. पूर्वी डबा झाला की तो खुर्चीतच डुलकी काढायचा. मास्तर गेल्यापासून डुलकी येईनाशी झाली. समोरच्या भिंतीवर नुसत्या फ्रेमा टांगलेल्या असत, बिनकाचांच्या. त्यांच्याकडे बघत बसणं नको वाटायला लागलं, तेव्हा तो पाय मोकळे करायला बाहेर पडू लागला. पाय आपोआप बागेकडे वळत. त्यांना ती वाट पाठ होती.

मास्तर म्हणजे शाळेतले भूमितीचे मास्तर. चष्मेवाल्याचे केस दाट होते तेव्हापासून पार टक्कल पडेपर्यंत दोघं एका छताखाली राहिले. कुणी खोचून विचारलंच तर मास्तर सांगत, "काय करणार, एकट्याला भाडं परवडत नाही हो." आणि घरी येऊन दोघं पोट धरून हसत, कारण घर मास्तरांच्याच नावावर होतं.

मास्तर फळ्यावर वर्तुळ काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांची बहीण गावाहून आली. बाई वाईट नव्हती. सगळे विधी उरकल्यावर तिनं चष्मेवाल्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही किती केलंत हो दादाचं! असा मित्र मिळायला भाग्य लागतं." मग डोळे पुसून तिनं घराच्या किल्ल्या मागितल्या. अंत्यविधीला शाळेची मंडळी पुढे होती, नातेवाईक त्याहून पुढे. चष्मेवाला मागे उभा होता, शाळेच्या शिपायाच्या शेजारी. शिपाई रडत होता. चष्मेवाल्याला तेही जमलं नाही. कुठल्या हक्कानं रडायचं ते त्याला ठरवता येईना.

निरोपाच्या वेळी बहिणीनं त्याला एक पिशवी दिली. तिच्या लेखी जे टाकाऊ होतं ते त्यात होतं. जुन्या चपला, दाढीचा ब्रश आणि मास्तरांचा चष्मा. "तुमच्याच दुकानातला ना? काचा कामाला येतील कुणाच्या," ती म्हणाली. त्या काचा कुणाच्याच कामाला येण्यासारख्या नव्हत्या. मास्तरांचा नंबर भलताच मोठा होता. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस नुसता डाग दिसायचा. चष्मेवाल्यानं तो चष्मा केसमध्ये घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि शर्ट बदलला की केसही नव्या शर्टाच्या खिशात हलवत राहिला.

आता तो थोरल्या भावाकडे राहायला आला होता. कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, बंद केलेल्या गॅलरीत. वहिनी मनानं चांगल्या. पहिल्याच रात्री त्याला वाढता वाढता म्हणाल्या, "वेळेवर लग्न केलं असतंत तर आज ही वेळ आली नसती, भाऊजी."

लग्न मोडलं म्हणूनच तर आलोय, तो म्हणाला. मनातल्या मनात.

बाग जुनी होती. मागच्या कोपऱ्यात पाण्याची एक बंद पडलेली टाकी होती, दगडी खांबांवर उभी. तिच्याभोवती मेंदीचं उंच कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत मातीत उमटलेली एक गोल वाट. ती कुणी मुद्दाम केली नव्हती. माणसं चालून चालून झाली होती. एकटी पुरुषमाणसं, दुपारची, संध्याकाळची, फेरी मारणारी. समोरून येणाऱ्यानं नजर दिली आणि पुढे जाऊन एकदा मागे वळून पाहिलं, की समजायचं. तिथेच मास्तरांनी त्याला पहिल्यांदा थांबवून विचारलं होतं, "किती वाजले हो?" आणि मास्तरांच्या स्वतःच्या मनगटावर चांगलं चालतं घड्याळ होतं.

यंदा बागेचं सुशोभीकरण झालं. मेंदी मुळासकट उपटली. सिमेंटचा पट्टा आला, जागोजागी दिव्याचे खांब आले, चहूबाजूंनी लोखंडी जाळी आणि जायला-यायला एकच फाटक. टाकीभोवतीची वाट नांगरून तिच्यावर तयार हिरवळीचे गालिचे अंथरले. आता तिथे काही घडण्यासारखं उरलं नव्हतं. चष्मेवाला पहिल्या दिवशी जाऊन बाकावर बसला तेव्हा त्याला आपल्या तोंडावर कुणी दार लावल्यासारखं वाटलं.

हिरवळ मात्र नीट धरत नव्हती. टाकीभोवती तिचा एक गोल पट्टा पिवळा पडला होता.

"बघा ना साहेब," फाटकावरचा रखवालदार स्वतःहून जवळ येऊन म्हणाला. नवा माणूस होता, कुठल्याशा एजन्सीचा. "दोनदा बदलली. पाणी घालतोय, खत घालतोय. तुडवून टाकतात."

"कोण?"

रखवालदारानं टाकीकडे मान वळवली. मग म्हणाला, "तुम्ही दुपारचे बसता ना इथे. तुम्हाला दिसतीलच."

पहिल्यांदा दिसला तो एकच माणूस. ऊन मावळतीकडे कललं होतं. टाकीच्या सावलीतून एक सडपातळ तरुण बाहेर आला आणि पिवळ्या पट्ट्यावरून चालत पुन्हा टाकीमागे गेला. पँटचा घोळ पायाशी रुंद होता. असेल फॅशन परत आलेली, चष्मेवाल्याला वाटलं. पलीकडून तो पुन्हा यायला हवा होता. यायला जरा जास्तच वेळ लागला. आणि आला तेव्हा त्याच्या मागे, ठरावीक अंतर राखून, दुसरा कुणी चालत होता.

चष्मेवाल्याला बरं वाटलं. मेंदी उपटली, दिवे लावले, तरी पोरं आलीच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला हसू आलं.

त्या संध्याकाळी तो मावशींकडे गेला.

मावशी म्हणजे बाई नव्हेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले ऑपरेटर, पण बागेतल्या माणसांत त्यांना आयुष्यभर कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. आता ऐंशीच्या घरात होत्या, बाजारामागच्या एका खोलीत एकट्या राहत. शहरातल्या अशा सगळ्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या.

"सगळ्यात आधी पोहण्याच्या तलावावरच्या कपडे बदलायच्या खोल्या," त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या. "तिथे आता बँक आहे. मग तार ऑफिसची मागची भिंत. तिथे आमची माणसं पेपर वाचत उभी राहायची. एकच पेपर आठवडाभर! मग सिनेमाची बाल्कनी, दुपारचा खेळ. पडद्यावर काय चाललंय ते एकाला ठाऊक असेल तर शपथ. ते पाडून दुकानं झाली. चौकातली जमिनीखालची मुतारी होती, तिथे गाड्या लावतात. आपण जिथे जिथे उभे राहिलो ना, तिथे तिथे त्यांनी दिवे लावले."

"बागेत अजून येतात, मावशी. आज पाहिले मी."

मावशींनी बशी खाली ठेवली. "कोण येतात?"

"पोरं. फेरी मारत होती."

"खुळा आहेस का तू? पोरं फोनमध्ये गेली सगळी. घरात बसून ठरवतात, घरात उरकतात. चालतंय कोण आता?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कपडे कसे होते रे त्यांचे?"

चष्मेवाल्यानं सांगितलं. मावशींनी बशीतला चहा परत कपात ओतला.

"उद्या येता का माझ्याबरोबर? रिक्षानं नेतो."

"नको," मावशी म्हणाल्या. "मला तिथे कोण कोण दिसेल ते मला माहीत आहे. माझं आयुष्य त्यांना विसरण्यात गेलं, बाबा. तूही जाऊ नकोस."

तो गेला.

त्या दिवशी टाकीभोवती बरेच जण होते. कुणाचा आवाज नाही. सुकलेल्या हिरवळीवर पावलं पडतात तेव्हा बारीक कुरकुर व्हायला हवी, ती नव्हती. एकमेकांजवळून जाताना ते नजर देत, पुढे जाऊन मागे वळून पाहत, पण कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. पट्टा सोडून कुणी बाहेर येत नव्हतं.

त्यातला एक बाकाजवळून गेला आणि चष्मेवाल्याचं लक्ष सवयीनं त्याच्या चष्म्याकडे गेलं. जाड काळी फ्रेम, उजव्या दांडीला तांब्याच्या तारेची डागडुजी. ती तार त्यानंच गुंडाळली होती, दुकान नवीन असताना. गिऱ्हाईक होता कापड दुकानातला विक्रेता, हसरा. नंतर एड्सची साथ आली. विक्रेत्याला त्याच्या घरच्यांनी इस्पितळात नेऊन सोडलं आणि पत्ता खोटा दिला. शेवटी भेटायला बागेतलीच दोघं-चौघं जात. वॉर्डातली बाई त्यांना ताट दारातूनच आत सरकवायला लावायची. तिथेच तो गेला.

चेहऱ्यात साम्य असतं माणसांच्या, चष्मेवाल्यानं स्वतःला समजावलं. फ्रेमाही जुन्या बाजारात फिरतात. पण पुढच्या फेरीला त्यानं नीट पाहिलं, धंद्याच्या नजरेनं. दूरचं न दिसणाऱ्याला जाड काच घातली की काचेच्या आतून गालाची कड तुटल्यासारखी दिसते, आत सरकलेली. प्रत्येक चेहऱ्यावर दिसते, त्याला अपवाद नाही. त्या माणसाच्या गालाची कड सरळ होती. काच जाड होती आणि कड सरळ होती. उजेड त्या काचेतून वाकतच नव्हता.

तो उठून फाटकाशी आला. रखवालदार स्टुलावर बसला होता.

"तुम्हालाही दिसतात ना ते?"

"दिसतात ना. वरून सांगितलंय, असली माणसं आत घ्यायची नाहीत. मी घेतच नाही, साहेब. माझ्यासमोरून कुणी आत जात नाही." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "शिट्टी मारली तरी वळून बघत नाहीत. एकदा काठी घेऊन जवळ गेलो. तेव्हा सगळ्यांनी बघितलं. आपण जसं एखाद्या पोरीकडे बघतो ना, तसं." मग त्यानं चष्मेवाल्याला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही त्यांच्यातले का?"

आयुष्यभर या प्रश्नाला त्यानं वेगवेगळी उत्तरं दिली होती. घरी, पोलिसांना, डॉक्टरला, मास्तरांच्या बहिणीला.

"हो," तो म्हणाला.

रखवालदारानं स्टूल थोडं मागे सरकवलं.

भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काही त्याच्या छातीत उभं राहिलं होतं. हे सगळे येतात तर मास्तर का नाही? तो रोज जाऊ लागला. दुपारचं दुकान उघडायला उशीर होऊ लागला. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. बाकावर बसून तो एकेक चेहरा तपासत राही. पोलिसांनी मारलेला एक कुंभार होता. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीत उडी घेतलेला एक पोरगेला कारकून होता. काही चेहरे त्याच्या जन्माच्या आधीचे असावेत. मास्तर नव्हते. मास्तरांना बहिणीनं नेलं, त्याला वाटलं, मेल्यावरसुद्धा नेलं. सज्जन, ब्रह्मचारी, शाळेला वाहून घेतलेले मास्तर. अशी माणसं कशाला येतील टाकीमागे?

आणि मग एका ढगाळ दुपारी मास्तर आले.

तोच राखाडी शर्ट, कोपरावर खडूची पांढरी पूड. चालणं मात्र मास्तरांचं नव्हतं. पुढे हात करून, चाचपडत आले. चष्मा नव्हता. ते पट्ट्यावरून उतरले, सिमेंट ओलांडलं आणि थेट बाकापाशी येऊन उभे राहिले.

"किती वाजले हो?" मास्तरांनी विचारलं. मनगटावर घड्याळ होतं.

"अडीच," कसंबसं चष्मेवाल्यानं सांगितलं.

"बसू का? माफ करा, चष्मा हरवलाय माझा. कुणीतरी बसलंय एवढंच कळतं."

ते शेजारी बसले. बाकाची फळी हलली नाही.

"रोज येता?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"हल्ली येतो. मध्ये कितीतरी वर्षं येत नव्हतो. घरी माणूस होता ना." मास्तर टाकीकडे बघत होते. "गेला तो."

"कोण गेला?"

"माझा माणूस. चष्म्याचं दुकान होतं त्याचं बाजारात."

टाकीभोवतीची माणसं फिरत होती. चष्मेवाल्यानं बाकाची कड घट्ट धरली. कड थंडगार लोखंडाची होती, खरी होती.

"मला कळवलंसुद्धा नाही कुणी," मास्तर सांगत होते. "मी आपला गेलो त्याच्या भावाच्या घरी. वहिनी चांगली बाई आहे. म्हणाली, तुम्ही किती केलंत हो भाऊजींचं, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. आणि आत घेतलं नाही. घरचीच माणसं आत, म्हणाली. दाराबाहेर एक खुर्ची होती, हिरवी, प्लास्टिकची, एक पाय आखूड झालेली. तिच्यावर बसून होतो मी. लोक जात-येत होते. आतून त्याला कधी नेलं तेही मला नीट दिसलं नाही. चष्मा नव्हता."

"मास्तर," चष्मेवाला म्हणाला. "मास्तर, मी आहे. मी गेलो नाही. तुम्ही गेलात."

मास्तरांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि सभ्यपणे हसले. "मास्तर म्हणालात? माझे विद्यार्थी का तुम्ही?"

त्यानं खिशातून केस काढली, उघडली, चष्मा मास्तरांच्या हातात ठेवला. बोटं लागली ती ना गार होती, ना गरम. मास्तरांनी काचांवरून अंगठा फिरवला, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अरे वा!" ते म्हणाले. "झाडं दिसायला लागली. टाकी दिसली. पानन् पान दिसतंय की हो!"

मग ते चष्मेवाल्याकडे वळले.

चष्मेवाल्यानं चेहरा पुढे केला. मास्तरांचे डोळे त्याच्या कपाळावर आले, गालांवर आले, आणि थांबले नाहीत. त्याच्यातून पलीकडच्या बाकावर गेले, जाळीवर गेले, परत आले.

"गेले वाटतं," मास्तर स्वतःशीच पुटपुटले. "कंटाळतात लोक माझ्या बोलण्याला."

"मी इथे आहे. मास्तर! इकडे बघा, इकडे."

मास्तरांनी चष्मा काढून रुमालानं डोळे टिपले. मग एकदम दचकून म्हणाले, "अरेच्चा, आहात होय तुम्ही!" आणि चष्मा घडी करून त्याच्या मांडीवर ठेवला. "असू द्या तुमच्याकडेच. चांगला आहे. पण यातून माणसं दिसत नाहीत."

ते उठले. जाताना घुटमळले. "तुमचा आवाज जरा त्याच्यासारखा आहे," ते म्हणाले. "रागावू नका हं."

पट्ट्यावर जाऊन ते त्या माणसांत मिसळले. चष्मेवाला मागोमाग धावला. टाकीला पूर्ण फेरी घालून आला. मागे काहीच नव्हतं. दगडी खांब, पिवळी हिरवळ आणि फाटकाशी उभा राहून त्याच्याकडे बघणारा रखवालदार.

त्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. अजून उजेड होता तेव्हाच घरी आला. जिना चढताना तो स्वतःला बजावत होता. उद्यापासून बाग बंद. मावशींचं ऐकायला हवं होतं. एकट्या माणसाचं डोकं रिकामं असतं, त्यात काहीही शिरतं.

दार उघडंच होतं. वहिनी उंबऱ्याशी ओल्या फडक्यानं काहीतरी पुसत होत्या.

"लवकर आलात, भाऊजी? बरं वाटत नाही का? चेहरा बघा कसा झालाय."

"ठीक आहे," तो म्हणाला.

"ही बघा, भंगारवाल्याकडून उचलली आज. फुकटात पडल्यासारखी. आत अडचण नको, इथे बाहेरच असू दे. कुणी आलं-गेलं तर बसायला." त्यांनी शेवटचा हात मारला आणि बाजूला झाल्या.

खुर्ची हिरवी होती. चष्मेवाल्यानं तिच्या पाठीवर हात ठेवून हलकेच दाबून पाहिलं. ती डुगडुगली.